विमानतळाजवळ छंदाचा ड्रोन: पत्र कुणाला द्यायचं हा नंतरचा प्रश्न

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. घर छत्रपती संभाजीनगरात, सिडको एन-२ ला. वडिलोपार्जित शेत जालना रोडला, करमाडच्या अलीकडे. बारावीतल्या मुलासाठी ५९५ ग्रॅमचा ड्रोन घेतलाय. तो घराच्या गच्चीवरून उडवायचाय, आणि पौषात शेतावर हुरडा आहे तेव्हा मोसंबीच्या बागेचं न् पाहुण्यांचं वरून शूटिंग करायचंय. दुकानदार म्हणाला, छंदासाठी काहीच लागत नाही. शेजारचे निवृत्त जमादार म्हणतात, पोलीस आयुक्तांची परवानगी काढा. तिसरा म्हणतो, थेट विमानतळावर जाऊन अर्ज टाका. तर परवानगी नेमकी कुणाची घ्यायची?

मी गेली काही वर्षं जमिनीची मोजणी आणि बांधकामांचं चित्रण ड्रोनने करतो. चिकलठाण्याच्या, म्हणजे आपल्या शहराच्या विमानतळाच्या आसपास काम असलं की परवानगीचा हा खेळ मला दर वेळी खेळावा लागतो. म्हणून आधी एक सांगतो: परवानगी कुणाची, हा प्रश्न बाजूला ठेवा. ड्रोन उडणार ती जागा विमानतळाच्या कुंपणापासून किती दूर आहे आणि ड्रोन जमिनीपासून किती वर जाणार आहे, हे दोन आकडे काढा. उत्तर त्या दोन आकड्यांतच असतं. लोक उलटं करतात. आधी अर्ज लिहितात, चार कार्यालयांत फिरतात, आणि महिन्याभराने कळतं की त्या जागेला परवानगी लागतच नव्हती, किंवा मिळणारच नव्हती.

कुंपण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गुगल मॅपवर 'एअरपोर्ट' टाकलं की टाचणी टर्मिनलच्या इमारतीवर पडते आणि सगळे तिथून मोजतात. नियमातलं अंतर विमानतळाच्या हद्दीपासून, म्हणजे संरक्षक भिंतीपासून धरतात. धावपट्टी लांबलचक असते आणि भिंत तिच्याही पलीकडे जाते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे शेंद्रा-करमाडच्या बाजूने मोजताना टर्मिनलपासून धरलं तर एक किलोमीटरच्या वर फरक सहज पडतो. अकरा वाटलेलं अंतर प्रत्यक्षात दहाच्या आत निघतं.

आता त्या अंतराचं काय करायचं ते बघू. सध्या चालतात ते ड्रोन नियम २०२१ चे, २५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित झालेले. त्यानंतर महिन्याभराने, २४ सप्टेंबरला, सरकारने देशाचा हवाई नकाशा डिजिटल स्काय या संकेतस्थळावर टाकला. त्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल. ५ ते ८ किलोमीटर जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ६० मीटरपर्यंत हिरवा आणि त्याच्या वर पिवळा. १२ च्या पुढे, तिथे दुसरं काही संवेदनशील ठिकाण नसेल तर, ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवा. पूर्वी हा पिवळा पट्टा विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंत होता. तेव्हा निम्मा जिल्हा त्यात जायचा. तो १२ वर आला, ही छंदवाल्यांसाठी मोठी सुटका झाली.

हिरव्यात उडवायला परवानगी लागत नाही. पिवळ्यात त्या विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते, म्हणजे एटीसीची, आपण ज्याला टॉवर म्हणतो त्याची. लाल पट्ट्यात केंद्र सरकारची लागते.

तुमचं एन-२ चं घर भिंतीपासून ५ किलोमीटरच्या पुष्कळ आत आहे. तिथे गच्चीवरून दहा फूट वर न्यायचा म्हटला तरी तो लाल पट्टाच. मुकुंदवाडी, चिकलठाणा एमआयडीसी, सिडकोचा बराचसा भाग याच वर्तुळात येतो. केवळ हौसेसाठी लाल पट्ट्यात केंद्राची परवानगी मिळालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, त्यामुळे त्या वाटेला तुम्हाला लावतच नाही. गच्चीचा विषय इथेच सोडा. मुलाला वाईट वाटेल, पण त्याला घरात, हॉलमध्ये, पंखा बंद करून हात बसवू द्या. बंदिस्त जागेत हवाई क्षेत्राचा प्रश्न येत नाही. जीपीएस नसताना ड्रोन कसा वाहवत जातो हेही तिथे शिकायला मिळतं, आणि ते पुढे कामाला येतं.

शेताचा मामला वेगळा आहे. करमाडच्या अलीकडे म्हणजे नेमकं किती अलीकडे, यावर सगळं अवलंबून. शेंद्रा एमआयडीसीला लागून असेल तर ५ ते ८ च्या पट्ट्यात येण्याची शक्यता मोठी. तिथून बरंच पुढे, करमाडच्या जवळ असेल तर ८ ते १२ मध्ये. बांधावर उभं राहून मोबाईलमध्ये त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि डिजिटल स्कायच्या नकाशावर तो बिंदू कोणत्या रंगात पडतो ते बघा. मी वर दिलेली अंतरं अंदाजासाठी आहेत. शेवटचा शब्द नकाशाचा. आणि नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचा. उड्डाणाआधी तिथली बंधनं तपासणं हे नियमानेच उडवणाऱ्यावर टाकलंय, कारण तात्पुरता लाल पट्टा कधीही येऊ शकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत एखादा भाग लाल जाहीर करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, मोठी सभा, निवडणूक, असलं काही असलं की हे होतं. आदल्या रात्री हिरवा दिसलेला बांध सकाळी लाल झालेला मी पाहिलाय.

शेत ८ ते १२ मध्ये निघालं तर तुमचं काम सोपं आहे: ६० मीटरच्या खाली राहा, टॉवरचं पत्र लागत नाही. मोसंबीच्या बागेसाठी ६० मीटर भरपूर झाले. खरं तर बाग २५-३० मीटरवरून जास्त देखणी दिसते. वरून गेलं की झाडं हिरव्या ठिपक्यांसारखी होतात आणि हुरड्याची आगटी तर दिसतसुद्धा नाही, नुसता धूर दिसतो. नवशिक्यांना उंचीचा सोस असतो. बहुतेक वेळा उंची कमी केली की परवानगीची गरजही संपते आणि चित्रही सुधारतं.

मात्र उंचीची एक गोम आहे. स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो ड्रोन जिथून उचलला त्या जागेपासूनचा असतो. पायथ्याच्या जमिनीचा उतार त्याला माहीत नसतो. तुम्ही टेकाडावरच्या विहिरीपाशी उभे राहून ड्रोन ५५ मीटर वर नेला आणि तो खाली ओढ्याकडे गेला, जिथली जमीन १५ मीटर खोल आहे, तर तिथे तो जमिनीपासून ७० मीटरवर आहे. स्क्रीन ५५ च म्हणणार. म्हणून मी ६० ची मर्यादा असली की अॅपमध्ये कमाल उंची ४५ लावतो. शेत उताराचं असेल तर सगळ्यात खालच्या तुकड्यातून उचलतो.

दुसरी गोम त्याहून मोठी, आणि ती मी स्वतः भोगलीय. रिटर्न टू होम ची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन आधी एका ठरावीक उंचीवर चढतो आणि मग घरी येतो. ती उंची बऱ्याच ड्रोनमध्ये आधीपासून काहीतरी भरलेली असते आणि कुणी बघतच नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पिवळ्या पट्ट्यातल्या एका कामाला मला ६० मीटरची परवानगी होती. मी इमानदारीत ४० वर उडवत होतो. ड्रोन एका मोठ्या पत्र्याच्या शेडमागे गेला आणि स्क्रीन गोठली. आकडा ४० वरच थांबलेला, पण पंख्यांचा आवाज बदलला. चढताना तो जरा ताणल्यासारखा येतो. मान वर करून बघतो तर ड्रोन सरळ वर चाललाय. शेडच्या वर येताच सिग्नल परत जोडला गेला आणि आकडा एकदम ९१ दिसला. आदल्या आठवड्यात डोंगरात काम होतं म्हणून मी ती उंची १०० लावली होती आणि बदलायची राहून गेली होती. बटण दाबून थांबवला, खाली घेतला, आणि टॉवरला स्वतःहून फोन केला. सुदैवाने त्या वेळी जवळपास काही नव्हतं. पलीकडच्या साहेबांनी आवाज चढवला नाही, फक्त वेळ आणि उंची लिहून घेतली. पण त्यानंतरच्या अर्जाच्या वेळी त्यांचा पहिला प्रश्न तोच होता: रिटर्नची उंची किती ठेवलीय? तेव्हापासून अर्जात ती ओळ मीच लिहितो.

आता समजा शेत ५ ते ८ मध्ये निघालं. इथे मी लोकांना पहिला सल्ला देतो तो परवानगी न काढण्याचा. गाडी काढा आणि १२ किलोमीटरच्या बाहेर जा. वाळूजच्या पुढे गंगापूरकडे, पैठण रस्त्याला लांब, करमाडच्या पुढे बदनापूरच्या दिशेने, कुठे ओळखीच्याचं शेत सापडतंच. मुलाला शिकायचंच असेल तर अर्ध्या तासाच्या अंतरावर मोकळं आकाश आहे आणि त्याला कुणाचंही पत्र लागत नाही. पण हुरडा तुमच्याच शेतावर आहे आणि शूटिंग तिथलंच हवंय, तर मग अर्ज करा. पिवळा पट्टा म्हणजे बंदी नाही. तिथे विचारायचं असतं, इतकंच.

अर्ज जातो विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या प्रभारींकडे. चिकलठाणा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं, तेव्हा त्यांच्याकडेच. पत्र इंग्रजीत करा, कारण ते वाचणारा माणूस कोणत्याही राज्यातून बदलून आलेला असू शकतो. आणि हुरड्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका. मी किमान दोन आठवडे हातात ठेवतो.

पत्रात काय हवं, यावर लोक फार शब्द खर्च करतात. 'माझ्या मुलाला लहानपणापासून विमानांची आवड आहे' वगैरे. टॉवरमधल्या माणसाला त्यातलं काही नको असतं. त्याला स्वतःच्या नकाशावर एक टिंब टाकता आलं पाहिजे आणि त्या टिंबाच्या डोक्यावर किती उंचीपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे कळलं पाहिजे. म्हणून अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात द्या. मोबाईल दशांशात देतो, ते बदलायचं. उदाहरणार्थ १९.८७५० उत्तर म्हणजे १९ अंश ५२ मिनिटं ३० सेकंद, आणि ७५.४७०० पूर्व म्हणजे ७५ अंश २८ मिनिटं १२ सेकंद. दशांश भागाला ६० ने गुणलं की मिनिटं, उरलेल्या दशांशाला पुन्हा ६० ने गुणलं की सेकंद. ५२.५ ला ५२ मिनिटं ५० सेकंद लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं टिंब अर्धा किलोमीटर भलतीकडे जातं.

त्या बिंदूभोवती किती मीटरच्या वर्तुळात उडणार ते लिहा. बागेसाठी १५० मीटर पुरे. उंची दोन्ही प्रकारे लिहा: जमिनीपासून किती आणि समुद्रसपाटीपासून किती. वैमानिक आणि टॉवर समुद्रसपाटीच्या भाषेत बोलतात. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या जमिनीवरून ६० मीटर वर गेलेला ड्रोन त्यांच्या हिशोबात ६४० मीटर, जवळपास २१०० फुटांवर असतो. तुमच्या शेताची उंची गुगल अर्थवर मिळेल. वेळही दोन्ही प्रकारे लिहा. विमानवाल्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. सकाळी साडेसातला उडवणार असाल तर त्यांच्याकडे तेव्हा दोन वाजलेले असतात. नुसतं 'सकाळी ७.३०' लिहिलं तरी चालतं म्हणणारे आहेत, पण दोन्ही लिहिलं की चूक व्हायला जागा उरत नाही.

पुढे ड्रोनचं वजन, नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचं नाव आणि असा मोबाईल नंबर जो त्या वेळात शंभर टक्के उचलला जाईल. ही शेवटची गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. टॉवरला मधेच ड्रोन खाली घ्यायला सांगायचं असेल तर तोच एक धागा असतो. उडवणाऱ्याच्या हातात रिमोट असतो, म्हणून नंबर शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचा द्या. मुलगा उडवणार असेल तर तुमचा. आणि परवानगी मिळाली की तिच्यातल्या अटी वाचा. सुरू करण्याआधी फोन, संपल्यावर फोन असं सांगितलं असेल तर संपल्याचा फोनही करायचा. तो लोक विसरतात आणि तिकडे तुमचं टिंब उगाच जिवंत राहतं.

नोंदणी क्रमांकाचं आत्ता बोललो, तर तिथेही दुकानदाराचं 'काहीच लागत नाही' हे अर्धवट आहे. ड्रोनचे वर्ग वजनावर पडतात, उडताना जे एकूण वजन असतं त्यावर. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या पुढे २ किलोपर्यंत मायक्रो. तुमचा ५९५ ग्रॅमचा मायक्रोत बसतो. पैसे न घेता, छंदासाठी उडवायला मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. २५ किलोच्या आतला, फक्त शिक्षण किंवा करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवला जाणारा ड्रोन नियमांत 'मॉडेल' म्हणून धरतात, आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे त्या बनावटीच्या ड्रोनला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेचीही गरज नाही. पण यूआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा क्रमांक, घ्यावा लागतो. त्याची फी १०० रुपये आहे. पूर्वी हे डिजिटल स्कायवर व्हायचं, आता अर्जांचं काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ईजीसीए पोर्टलवर गेलंय, नकाशा मात्र डिजिटल स्कायवरच बघायचा. मुलगा लहान आहे, तेव्हा नोंदणी स्वतःच्या नावावर करा. शिवाय मायक्रोला तृतीय पक्ष विमा लागतो, गाडीला लागतो तसाच. त्यातून फक्त नॅनो सुटलाय.

आणि बिल. ड्रोन कुठून घेतला, त्याचं पक्कं बिल आहे का, हे आज संध्याकाळी कपाटात बघा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद सोडून. तरी दुबईहून पिशवीत आलेले, कुणाच्या भाच्याने आणलेले ड्रोन बाजारात फिरतातच. असा ड्रोन तुमच्या हातात आला असेल तर नोंदणीपाशीच अडकाल, आणि नोंदणी नसलेल्या ड्रोनसाठी टॉवरला पत्र लिहिणं म्हणजे विनानंबरच्या मोटारसायकलवर बसून आरटीओत पत्ता विचारायला जाणं.

काहींचा समज असतो की नॅनो घेतला की सगळंच माफ. २४९ ग्रॅमचे ड्रोन त्यासाठीच निघालेत. पण पट्ट्यांचे नियम नॅनोलाही लागतात. एन-२ च्या गच्चीवर २४९ ग्रॅमचाही लालच. आणि ते वजनही डब्यावर छापलेलं धरून चालू नका. एका ओळखीच्यांनी तसला ड्रोन घेतला, वर पंख्यांना जाळीदार गार्ड लावले आणि जास्त वेळ चालणारी बॅटरी घातली. सराफ्यातल्या मित्राच्या काट्यावर ठेवला तर २९० च्या पुढे. झाला मायक्रो. विमा आला मागोमाग.

आता जमादार साहेबांचं पोलीस परवानगीचं. हिरव्या पट्ट्यात उडवायला पोलिसांची परवानगी ड्रोन नियमांत कुठेही सांगितलेली नाही. पण शहरात पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, मोठे दौरे यांच्या आसपास हमखास. ते चालू असतील तर हिरवा पट्टा तुम्हाला वाचवत नाही. ग्रामीण भागात हेच जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने होतं. म्हणून पोलीस ठाण्यात पत्र द्यायचं, पण त्यावर विषय लिहायचा 'माहितीसाठी', आणि पोच घ्यायची. 'परवानगी मिळणेबाबत' असं लिहिलंत की तुमचं पत्र अशा टेबलावर जातं ज्याला ती परवानगी द्यायचा अधिकारच नाही. तो नाही म्हणू शकत नाही, हो म्हणू शकत नाही, मग वर पाठवतो. माझा एक असाच कागद तीन कार्यालयं फिरून पहिल्याच कार्यालयात परत आला होता, वर चार शिक्के घेऊन.

गावात मात्र कागदापेक्षा तोंडी सांगणं महत्त्वाचं. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी भीती पसरली होती. लोक रात्र-रात्र गस्त घालत होते. ती भीती पूर्ण गेलेली नाही. शेतावर गेलात की पोलीस पाटलांना आणि शेजारच्या बांधवाल्यांना आधी सांगा, जमलं तर त्यांनाच हुरड्याला बोलवा. अंधार पडल्यावर उडवू नका. दुसऱ्याच्या शेतावरून, घरावरून, विशेषतः विहिरीवर किंवा अंगणात बायामाणसं असतील तिथून ड्रोन नेऊ नका. नियम बाजूला राहतात आणि दगड आधी येतात.

तुम्ही विचारलं नाही, पण मुलगा विचारेल: विमान तर एवढं वर असतं, ६० मीटरवरच्या ड्रोनने त्याचं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे, त्याला हिशोब करून दाखवा. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. टेकण्याच्या जागेपासून ८ किलोमीटरवर ते सुमारे ४२० मीटर वर असतं, ५ किलोमीटरवर २६० मीटर, २ किलोमीटरवर शंभरच्या थोडंसं वर, आणि एक किलोमीटरवर अवघं ५२ मीटर. म्हणजे पट्टे उगाच आखलेले नाहीत. जवळ आलात की ड्रोनची आणि विमानाची उंची एक होते. लांब असताना मधे जी जागा उरते ती चुकांसाठी असते, माझ्या त्या ९१ सारख्या. शिवाय सगळीच विमानं प्रवासी नसतात. २०१५ आणि २०१९ च्या दुष्काळात कृत्रिम पावसाचं विमान चिकलठाण्याहूनच उडत होतं. ते वेळापत्रकावर नाही, ढगांवर चालायचं. निवडणुकीत हेलिकॉप्टरं कोणत्याही शेतात उतरतात. म्हणून 'दुपारी विमान नसतं, तेव्हा उडवतो' हा हिशोब कुणी सांगितला तर ऐकू नका. माणूस बसलेलं विमान दिसलं की वाट ड्रोनने सोडायची, हा नियम आहे.

तुमचं शेत तर धावपट्टीच्या पूर्वेला, जवळजवळ सरळ रेषेत आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, आणि विमानं वाऱ्याच्या तोंडाने उतरतात, म्हणजे पूर्वेकडून, तुमच्या बाजूने येतात. हुरड्याच्या दिवसांत वाऱ्याचा भरवसा नसतो, ती दोन्हीकडून येऊ शकतात. सकाळी शेकोटीचा धूर कुठे वाहतोय ते बघून अंदाज घेता येतो.

नांदेड आणि लातूरकडच्यांसाठी हाच हिशोब, फक्त नांदेडचा विमानतळ शहराला इतका चिकटून आहे की शहरात उडवायला जागाच फारशी उरत नाही. लातूर, धाराशिवसारख्या ठिकाणी रोजचं प्रवासी विमान दिसत नाही म्हणून विमानतळ बंद आहे असं समजू नका. नकाशावर काय आहे ते बघा. आणि विमानतळापासून लांब आहे म्हणून वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला किंवा बीबी का मकबऱ्यावर ड्रोन न्यायचा विचार असेल तर थांबा. ती पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत, त्यांची वेगळी परवानगी लागते. तिथला सुरक्षारक्षक तुमच्याशी पट्ट्यांवर वाद घालत बसणार नाही, ड्रोन ताब्यात घेईल. छावणीच्या बाजूलाही तेच, तो लष्करी भाग आहे.

दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. त्यावर जास्त बोलत नाही. माझ्या पाहण्यात दंडापेक्षा ड्रोन पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहण्याचा त्रास जास्त झालाय, बॅटरी फुगेपर्यंत.

एक शेवटचं, कारण हे हुरड्याच्या दिवशीच घडतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणेल, माझ्या मुलीच्या लग्नाचंही असंच शूट करून द्या, हजार-दोन हजार देतो. तुम्ही पैसे घेतले की छंद संपला. मग रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं, वय किमान १८ आणि दहावी पास लागते, आणि ड्रोनही टाइप सर्टिफिकेट असलेला लागतो. तेव्हा त्यांना म्हणा, पोरगं बारावी होऊ द्या.

करमाडच्या बांधाचे अक्षांश-रेखांश काढून नकाशावर टाका आणि रंग कोणता आला ते कळवा. पिवळा आला तर पत्राचा मसुदा मी बघून देतो.